आजीचा उलटा खांदा

खांदा उलटा बसवला होता.

तिष्याने फोटो पुन्हा एकदा नीट पाहिला. क्ष-किरणांचा फोटो (शरीरातली हाडं दाखवणारं चित्र) समोरच्या भिंतीवर पलंगाएवढा उजळला होता. करड्या हाडांच्या मधोमध आजीचा नवा धातूचा सांधा पांढराशुभ्र दिसत होता. तिष्याला खांदा माहीत होता. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या सांगाड्याचा हात तिने कितीदा फिरवून पाहिला होता. दंडाच्या हाडाचं वरचं टोक गोल असतं, चेंडूसारखं. पाठीच्या बाजूला जे चपटं, तिकोनी हाड असतं त्याला एक उथळ वाटी असते. चेंडू वाटीत फिरतो, म्हणून हात फिरतो.

इथे चेंडू पाठीच्या हाडावर होता आणि वाटी दंडावर.

"बाबा, डॉक्टरांनी चुकून उलटं लावलंय."

"काहीतरीच. काझी मॅडम आठवड्याला कितीतरी खांदे बसवतात."

"मग आठवड्याला कितीतरी उलटे बसवत असतील."

बाबांनी मान डावीकडे कलती करून फोटो पाहिला, मग उजवीकडे कलती करून पाहिला. "आजीला विचार," ते म्हणाले. "सांध्यांतलं आपल्या घरात तिलाच कळतं."

ते खरं होतं. तिष्याची आजी, डॉक्टर प्रमिला गणवीर, शास्त्रज्ञ होती. यंत्रांचे सांधे कसे फिरतात आणि का झिजतात, याचा तिने जन्मभर अभ्यास केला होता. चंद्रावर माती उकरत फिरणाऱ्या एका यंत्राचं कोपर तिनेच आखलेलं होतं. नागपूरच्या या घरातून ती निवृत्तीनंतरही दूरदूरच्या तरुण शास्त्रज्ञांना शिकवायची.

आजी जन्मापासून कर्णबधिर होती. ती हातांनी बोलायची. बाबा तिच्या मांडीवरच ती भाषा शिकले होते, आणि तिष्या बाबांच्या.

(या गोष्टीत दुहेरी अवतरणातलं बोलणं तोंडाचं आहे. एकेरी अवतरणातलं हातांचं, खुणांचं किंवा पाटीवर लिहिलेलं.)

तिष्या पलंगासमोर उभी राहिली. 'आजी, खांदा उलटा का?'

आजीचे डोळे चमकले. कुणी असा प्रश्न विचारला की ती उशीवरून सरळ होऊन बसायची. तशी ती बसली आणि डावा हात वर केला.

'चूक नाही. मुद्दाम. आधी ——— धरून ठेव ——— तुटले. मग ——— वर ——— शिडी ——— कोण ———'

हात थांबला.

त्या रेघा म्हणजे उजव्या हाताचा वाटा. खुणांची भाषा बहुतेक दोन हातांची असते. एक हात जागा दाखवतो, दुसरा त्या जागेवर काय घडलं ते सांगतो. आजीचा उजवा हात दंडापासून बोटांच्या टोकांपर्यंत एका मऊ, फुगीर बाहीत होता, आणि ती बाही पट्ट्यांनी पोटाशी बांधलेली होती. आतला हात कुणाला दिसत नव्हता.

आजीने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा अर्ध्यावर थांबली. तेवढ्यात दारातून दक्ष आला.

दक्ष हा रुग्णालयाने घरी पाठवलेला यंत्रमानव. औषधं, जेवण, बाहीतून येणाऱ्या नोंदी, सगळं त्याच्याकडे. काही बिनसलं की त्याच्या कपाळावरचा दिवा लाल व्हायचा. त्यामुळे आजीने पहिल्याच दिवशी त्याचं खुणेतलं नाव ठेवलं होतं: 'टमाटर'. खुणांनी बोलणारे लोक प्रत्येकाला असं एक नाव देतात. दक्षला ते अजून कळलेलं नव्हतं.

"प्रमिलाबाई," दक्ष म्हणाला, आणि तेच त्याने खुणांनीही सांगितलं, पाठ केल्यासारखं, "बोलण्याने खांद्यावर ताण येतो. विश्रांती घ्या."

आजीने डावा हात मांडीवर ठेवला. तिष्याचा प्रश्न तिथेच राहिला.

—

घर गप्प झालं.

बाहेरच्या माणसाला ते कळलं नसतं, कारण कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, बाबा फोनवर बोलत होते. पण गणवीरांच्या घरात गप्पा म्हणजे हात. जेवताना पोळी खाली ठेवून हात, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत दाराच्या चौकटीतून हात. आता आजीसमोर कुणी हात हलवले की तिला उत्तर द्यावंसं वाटायचं, आणि दक्षचा दिवा लाल व्हायचा. म्हणून हळूहळू कुणी हलवेनासं झालं.

ती डाव्या हाताने पाटीवर लिहायची. 'पाणी.' 'हो.' 'नंतर.' पण लिहिलेली मराठी ही आजीची कामाची भाषा होती. निबंधांची, पत्रांची. घरची नव्हती.

खरं तर गेल्या वर्षभरात तिचं बोलणं आधीच खाली खाली उतरलं होतं. जुना खांदा हात वर जाऊ देत नव्हता. डोक्याशी करायच्या खुणा ती हनुवटीशी करायची, हनुवटीच्या छातीशी. शेवटी शेवटी तर तिचे हात पोटाजवळच पुटपुटायचे. पडद्यावर तिच्या खुणा बघणारे तरुण शास्त्रज्ञ पुन्हा पुन्हा विचारायचे, मॅडम, कळलं नाही, परत सांगता का? त्या दिवसांत एकदा ती म्हणाली होती, 'माझा आवाज बसत चाललाय.' म्हणून शस्त्रक्रिया.

आणि आता निराळंच संकट उभं राहिलं.

"ताण," दक्ष सकाळी म्हणाला. दिवा लाल. "खांद्याच्या पुढच्या बाजूला ओढ. झोपेत. परवा, काल, आज. रुग्ण सूचना पाळत नाही."

आजीने पाटीवर लिहिलं, 'मी हात हलवत नाही.'

"नोंद वेगळं सांगते."

'मी हलवत नाही.' या वेळी अक्षरं मोठी होती.

डॉक्टर अफरोज काझी भिंतीवरच्या पडद्यावर आल्या. त्या सावकाश बोलायच्या, आणि पडद्यावर त्यांचे शब्द अक्षरांत उमटत जायचे, म्हणजे आजीला वाचता यावेत. "प्रमिलाताई, कुणी तुम्हाला दोष देत नाहीये. पण ऐकून घ्या. सांधा बसवताना आम्हाला समोरचा एक स्नायुबंध (स्नायूला हाडाशी बांधणारा चिवट दोर) कापावा लागतो आणि काम झाल्यावर परत शिवावा लागतो. ती शिवण अजून कच्ची आहे. रोज अशी ओढ बसली तर ती उसवेल. मग वाटी चेंडूवरून निसटेल."

"निसटली तर?" बाबांनी विचारलं.

"परत शस्त्रक्रिया. आणि दुसऱ्यांदा हात किती वर जाईल, याची खात्री मी देऊ शकणार नाही. पुढच्या शुक्रवारपर्यंत बघू. ओढ कमी झाली नाही तर कडक बाही घालू. आत पट्ट्या असतात, त्यांनी हात अजिबात हलत नाही. डावाही रात्रीपुरता बांधावा लागेल, कारण एक ओढला की दुसरा ओढतो."

आजीचा चेहरा पांढरा पडला. तिष्याने तो तसा कधीच पाहिला नव्हता, शस्त्रक्रियेच्या सकाळीसुद्धा नाही. आजीने पाटी ओढून घेतली आणि एकच शब्द लिहिला. 'नाही.'

"ताई, कारण सांगाल का?"

आजीने पाटी पालथी ठेवली.

—

शनिवारी शाळा सकाळची. तिष्या घरी आली तेव्हा आजी जेवून आडवी झाली होती. तिष्या पलंगाशेजारी स्टुलावर बसली आणि बघत राहिली. आजी खोटं बोलत नाही, हे तिला माहीत होतं. दक्षला खोटं बोलता येत नाही, हेही माहीत होतं. मग दोघांचं खरं कसं?

बराच वेळ काही झालं नाही. पंखा फिरत होता. आजीचा श्वास लांब झाला.

मग तिचा डावा हात चादरीवर जरासा उचलला गेला.

'——— तू ——— नाही, असं ———'

बाहीचा पट्टा ताणला.

'शिडी ———'

पट्टा थरथरला.

'खाली पाय ——— कोण ——— कोण ———'

पट्टा.

'बाई, सोडा ——— '

पट्टा. पट्टा. पट्टा.

दाराशी दक्षचा दिवा लाल झाला. "ताण," तो म्हणाला.

तिष्या उठून त्याच्याकडे गेली. आजीला आवाजाने जाग येत नाही, तरी ती कुजबुजतच बोलली. "ती हात हलवत नाहीये. ती बोलतेय."

"रुग्ण झोपेत आहे. आवाजाची नोंद नाही."

"आवाज कसा असेल? ती झोपेत बोलतेय, दक्ष. बाबा नाही का बडबडत, गाडीचं चार्जिंग, गाडीचं चार्जिंग? तशीच. तिचं तोंड खांद्याला जोडलेलं आहे."

दक्ष कुठेतरी काहीतरी शोधू लागला. "माहिती सापडली," तो म्हणाला. "मेंदूत भाषेची केंद्रं (मेंदूचे ठरावीक काम करणारे भाग) असतात. ऐकू येणाऱ्या माणसात ती तोंडाच्या बोलण्याचं काम पाहतात. खुणांनी बोलणाऱ्या माणसात तीच केंद्रं खुणांचं काम पाहतात. मेंदूच्या दृष्टीने दोन्ही बोलणंच. मला दिलेल्या सूचनांत हे नव्हतं." दिवा पिवळा झाला. "तरीही शिवण उसवू शकते. कडक बाही हाच उपाय नोंदवलेला आहे."

"झोपेत बडबडणाऱ्याच्या तोंडाला तू चिकटपट्टी लावतोस का?"

"तशी पद्धत नाही."

"का नाही?"

दक्षचा पिवळा दिवा लुकलुकू लागला.

तिष्या परत स्टुलावर बसली. आजीचा हात शांत झाला होता. शिडी, खाली पाय, कोण. हे शब्द तिने आधी पाहिले होते. फोटोपुढे उभं राहून तिने जो प्रश्न विचारला होता, त्याचंच उत्तर आजी झोपेत पुरं करू बघत होती. दिवसा जे सांगता आलं नाही, ते आत साठलं होतं, आणि झोप लागली की बाहेर यायला धडपडत होतं. पण ते 'बाई, सोडा' कुणाला होतं, हे तिला कळलं नाही.

—

संध्याकाळी तिने बाबांना आरशाचं कपाट पलंगासमोर सरकवायला लावलं. मग ती आजीच्या मागे, जरा उजवीकडे, उशांच्या आधाराने गुडघ्यांवर बसली. बांधलेल्या बाहीला धक्का न लावता तिने आपला उजवा हात आजीच्या कुशीखालून पुढे काढला. आरशात आता एकच आजी दिसत होती. एक हात सुरकुतलेला, दुसरा अकरा वर्षांचा, नखांत माती भरलेला.

'बोल,' तिष्या आरशात म्हणाली. 'तू डावा. मी उजवा.'

आजीने आरशात बराच वेळ पाहिलं. मग तिचा डावा हात वर आला आणि तळवा उताणा झाला. तिष्याच्या हाताने पुढचं ओळखलं आणि त्यावर मूठ ठेवली.

'मला ——' तिष्या चुकली. तिने 'भूक' केलं. आजीला 'कंटाळा' म्हणायचं होतं. आजीने डोळे मिटले आणि तिचं पोट हललं. ती हसत होती.

"आईला भूक लागलीय?" बाबांनी विचारलं.

"नाही, मी चुकले. मला वाटतं तिला तुमचाही कंटाळा आलाय."

दक्ष दाराशी आला. सगळे त्याच्या कपाळाकडे बघायला लागले. दिवा हिरवा होता. "ताण नाही," तो म्हणाला, आणि पुन्हा एकदा, जणू स्वतःलाच, "ताण नाही."

मग आजी बोलायला लागली.

(इथे वाचणाऱ्यानेही दोन हात मोकळे करावेत. पुस्तक मांडीवर ठेवा.

उजव्या हाताची मूठ करा. तो चेंडू. डाव्या हाताचा तळवा किंचित खोल करा. ती वाटी. मूठ तळव्यात टेकवून फिरवा. असा असतो जन्मतः मिळालेला खांदा. मूठ म्हणजे दंडाचं टोक, तळवा म्हणजे पाठीच्या हाडावरची वाटी. आता मूठ जोरात वर ढकला. ती तळव्यातून सुटून वर घसरली ना? वाटी इतकी उथळ असते.)

'शिडी उभी करताना कधी पाहिलंस?' आजीने विचारलं. अर्धा प्रश्न तिच्या हाताने, अर्धा तिष्याच्या. 'जमिनीवर आडवी पडलेली लांब शिडी. एक माणूस वरचं टोक उचलत उचलत पुढे येतो. पण तो एकटा असला तर काय होतं?'

'शिडी घसरत जाते,' तिष्या म्हणाली. त्यासाठी तिला आपला हात आजीच्या वाक्यातून काढून घ्यावा लागला आणि मग परत द्यावा लागला.

'म्हणून दुसरा माणूस खालच्या टोकावर पाय देऊन उभा राहतो. तो उचलत काहीच नाही. नुसता धरून ठेवतो. पण त्याच्यामुळे शिडी घसरण्याऐवजी उभी होते.'

खांद्यातही अशी दोन प्रकारची माणसं असतात, आजीने सांगितलं. उचलणारा म्हणजे डेल्टॉइड (खांद्यावर टोपीसारखा बसलेला जाड स्नायू). आणि पाय देणारे म्हणजे रोटेटर कफ (चेंडूला वाटीत दाबून धरणाऱ्या चार लहान स्नायूंचा गट). आजीच्या खांद्यातले पाय देणारे झिजून तुटले होते. उचलणारा धडधाकट होता, जोर लावत होता. पण त्याने ओढलं की हात वर होण्याऐवजी चेंडूच वर घसरायचा आणि वरच्या हाडावर आपटायचा.

'मग तुटलेले परत का नाही शिवले?'

'उशीर झाला होता. दोर जुने झाले की टाका धरत नाही. मग प्रश्न असा, की पाय देणारं कुणीच नसताना शिडी उभी करायची कशी?'

तिष्याने आरशातून भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. तिचा हात आजीच्या हातापुढे हवेत तसाच थांबला.

(मूठ आणि तळवा यांची अदलाबदल करा. आता मूठ डाव्या हाताची, आणि ती पक्की, न हलणारी. ती पाठीच्या हाडाला स्क्रूने बसवली आहे. उजव्या हाताचा तळवा तिच्यावर टोपीसारखा ठेवा. आता तळवा वर ढकलून पाहा. घसरतो का?)

'घसरायला जागाच नाही,' तिष्या हळूच म्हणाली. 'चेंडू मध्ये येतो. शिडीच्या खाली भिंत आली.'

'भिंतच आली. आणि आणखी एक. नवा सांधा ज्या बिंदूभोवती फिरतो तो जरा आत आणि खाली सरकला. दाराची कडी बिजागरीपासून लांब असली की दार हलकं उघडतं. तसं उचलणाऱ्याला आता थोडा जोर पुरतो. जे काम पाच जण मिळून करत होते, ते आता एकटा करू शकेल. त्याला शिकावं मात्र लागेल. मेंदूलाही. मेंदू अजून जुन्या पत्त्यावर निरोप पाठवतो.'

बाबा खाली फरशीवर बसून ऐकत होते, म्हणजे बघत होते. "हे मला कुणी दोन महिन्यांपूर्वी सांगितलं असतं तर," ते म्हणाले, "मी शस्त्रक्रियेच्या कागदांवर सही करताना एवढा घाबरलो नसतो."

तिष्याने मग तो दुसरा प्रश्न विचारला. 'आजी, झोपेत तू कुणाला तरी म्हणालीस. बाई, सोडा.'

आजीचं उत्तर सावकाश आलं, आणि तिष्याला प्रत्येक खूण आपल्या हाताने पुरी करावी लागली, पुढे काय येणार ते माहीत नसताना.

'मी सहा वर्षांची होते. आमच्या शाळेत हातांनी बोलायला बंदी होती. ओठांनी बोलायला शिका, बाई म्हणायच्या. आम्ही विसरायचो. मग बाई आमचे हात मागे घेऊन'

आजीचं डावं मनगट पुढे आलं. तिष्याच्या हाताला कळलं काय करायचं ते. तिने आपल्या बोटांनी ते मनगट वेढलं आणि दोर आवळल्यासारखी बोटं फिरवली.

'बांधायच्या.'

बाबा फरशीवरून उठून पलंगाच्या कडेला येऊन बसले.

'त्यांना वाटायचं, आमच्या भल्याचंच करताहेत,' आजी म्हणाली. 'काझीबाईंनाही तसंच वाटतंय. त्या काही वाईट नाहीत. पण मी परत नाही बांधून घेणार.'

तिष्याने कपाळ आजीच्या पाठीला टेकवलं. हात मात्र तिने खाली घेतला नाही, कारण आजीचं बोलणं संपलंय की नाही, हे तिला माहीत नव्हतं.

—

त्या दिवसापासून आरसा तिथेच राहिला. शाळेतून आली की तिष्या दप्तर टाकून आजीच्या मागे बसायची. सकाळच्या वेळी बाबा बसायचे, पण बाबांच्या हाताला शब्द पुरे करण्याची घाई होती, आणि आजी त्यांना मध्येच थांबवून म्हणायची, 'तू लहान होतास तेव्हाही असाच मध्ये बोलायचास.' तरुण शास्त्रज्ञांचा वर्ग पुन्हा सुरू झाला. पडद्यावर त्यांना आजी आणि तिच्या कुशीतून आलेला एक लहान हात दिसायचा. घर्षण, वंगण, झीज असले अवघड शब्द तो हात चाचरत चाचरत शिकला.

झोपेतली ओढ एकदम गेली नाही. पहिल्या दिवशी तेवढीच होती. मग थोडी उतरली. एका दुपारी पुन्हा वाढली, आणि बाबा रात्री जेवले नाहीत. शुक्रवारी सकाळी दक्षने नोंदी पाठवल्या आणि डॉक्टर काझी पडद्यावर आल्या. त्यांनी आधी नोंदी पाहिल्या, मग दोन वेगवेगळ्या हातांतून आलेलं आजीचं सगळं म्हणणं बाबांकडून समजून घेतलं. बांधण्याचंही.

"हे मी आधी विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "कडक बाही नको. ही ओढ शिवण सोसेल."

दक्ष पुढे आला. "एक विनंती. माझ्यासारखे यंत्रमानव आणखीही घरांत जातात. तिथेही खुणांनी बोलणारे रुग्ण असतील. हे मी सगळ्यांच्या सूचनांत लिहू का?"

'लिही,' आजी म्हणाली. 'आणि तुझ्या खुणा सुधार. बातम्या दिल्यासारखा बोलतोस. टमाटर.'

"हा शब्द मला अनेकदा दिसतो," दक्ष म्हणाला. "त्याचा अर्थ?"

तिष्या आणि बाबांनी एकदमच खिडकीबाहेर पाहिलं.

—

बाही निघाली त्या दिवशी आत एक बारीक, फिकट हात होता.

रुग्णालयातल्या त्या खोलीत उजेड भरपूर होता. डॉक्टर काझींनी जखमेचा व्रण पाहिला, शिवण दाबून पाहिली, मान डोलावली. मग आजीला खुर्चीवर बसवलं. "प्रमिलाताई, हात समोरून वर उचला. दुखेल इतका नको."

आजीने उचलला. म्हणजे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की ती उचलते आहे. पण हात मांडीवरच होता. खांदा तेवढा कानाकडे चढला.

"पुन्हा."

पुन्हा खांदाच चढला.

"घाबरू नका. असं बऱ्याच जणांचं होतं. डेल्टॉइडला अजून सवय नाही." पण त्यांनी सुद्धा फोटो पुन्हा एकदा पाहिला. सांधा नीट जागेवर होता. शिवण पक्की होती. सगळं होतं, आणि हात जात नव्हता.

आजीने आणखी प्रयत्न केले. तिच्या कपाळावर घाम आला. शेवटी तिने नजर खाली वळवली आणि ती आपल्या उजव्या हाताकडे बघत बसली, कुणा दुसऱ्याची वस्तू मांडीवर ठेवली असावी तशी. बाबा दाराशी जाऊन उभे राहिले.

तिष्याला ते बघवेना. काहीतरी बोलायचं म्हणून ती दक्षकडे वळली आणि तोंडाने बोलता बोलता, सवयीने, हातांनीही बोलत राहिली. "खरं तर जाईल हात वर. अगदी सोपं आहे. आता उचलायचं काम रोटेटर कफ करतो, आणि डेल्टॉइड नुसता खाली पाय देऊन उभा राहतो, म्हणून"

'चूक.'

खोलीतल्या सगळ्यांनी पाहिलं.

'साफ चूक. उलट सांगतेस. कफ तुटला म्हणून तर हे सगळं केलं. आता उचलणारा एकच, डेल्टॉइड. आणि पाय द्यायची गरज उरली नाही, कारण चेंडू'

आजीच्या डाव्या हाताची मूठ झाली होती. पक्की, न हलणारी. आणि तिच्यावर टोपीसारखा येऊन टेकला होता तो उजवा हात. थरथरत होता. छातीच्या थोडा वरच पोचला होता, हनुवटीपर्यंतही नाही. पण तो मांडीवर नव्हता.

डॉक्टर काझींनी तोंडावर हात ठेवला. आजीचं वाक्य तुटू नये म्हणून दक्षने दिवा मालवला.

जो निरोप हात उचल म्हणून पाठवला की जुन्या पत्त्यावर जात होता, तोच निरोप बोलण्याच्या वाटेने गेला आणि डेल्टॉइडपर्यंत पोचला. मेंदूकडे वाट एकच नसते. हे तिष्याला पुढे कितीतरी दिवसांनी नीट समजलं, दक्ष आणि आजी यांच्या एका लांबलचक वादावादीनंतर. आणि आणखी काही महिन्यांनी आजीचा हात कपाळापर्यंत जाणार होता, आणि नवे विद्यार्थी पडद्यावरून परत सांगता का असं विचारणार नव्हते. पण त्या क्षणी तिष्याला यातलं काहीच सुचलं नाही. आजी बोलत होती आणि वाक्य मोठं होतं, एवढंच तिला दिसत होतं. ती खुर्चीमागे धावली, आणि तिचा हात रोजच्यासारखा आजीच्या कुशीखालून पुढे आला.

तीन हात झाले. शब्दाचा गुंता झाला.

आजी थांबली. तिने मागे वळून तिष्याकडे पाहिलं. डोळे भरलेले होते, पण भुवया मास्तरणीच्या होत्या.

'काढ तुझा हात. मध्ये येतोय.'

तिष्याने हात मागे घेतला. आजी पुन्हा डॉक्टरांकडे वळली आणि थरथरत, सावकाश, दोन्ही हातांनी पुढचं सांगू लागली. तिष्या तिच्या पाठीमागे उभी राहून ऐकत होती, आणि आपला उजवा हात आता कुठे ठेवायचा, ते तिला बराच वेळ कळत नव्हतं.